तसं काही वाईट नाही

"आरोग्यसेवा माणसाच्या दारापर्यंत गेली पाहिजे! माणसानं आरोग्यसेवेच्या दारापर्यंत फरपटत जायचं, हे दिवस आता इतिहासजमा झाले आहेत!"

आरोग्य मंडळाचे संचालक प्रेबेन ल्योवोस यांनी ही घोषणा स्कारवोय बेटावरच्या इस्पितळात केली. केली ती भिंतीवरच्या पडद्यातून. ते जातीनं येणार होते, पण वाऱ्यामुळे सकाळची बोट रद्द झाली आणि बेटाच्या दारापर्यंत जाणं त्यांना जमलं नाही. 'इतिहासजमा' या शब्दाच्या आसपास पडदा गोठला. पुढची अकरा मिनिटं संचालक तोंड उघडं आणि तर्जनी वर अशा अवस्थेत भिंतीवर लटकून राहिले. कुणी हसलं नाही. स्वयंपाकघरातल्या बाईनं वॉफलचं ताट आणून नेमकं त्यांच्या हनुवटीखाली ठेवलं, तेव्हा ते घास भरवला जायची वाट पाहत असावेत असं वाटलं, एवढंच.

पहिल्या रांगेत योरुन हेस्टनेस बसली होती. वय एकोणसाठ. त्यातली चौतीस वर्षं याच इस्पितळात गेलेली, आता परिचारिकांची प्रमुख. इस्पितळ म्हणजे चौदा खाटा, एक क्ष-किरणाचं यंत्र आणि आठवड्यातून दोन दिवस, समुद्राची मर्जी असेल तर, येणारा सर्जन.

पडद्यात पुन्हा जीव आला तेव्हा संचालकांनी काम सांगितलं. स्कारवोयच्या इस्पितळात डायलिसिस सुरू करावं की नाही, याचा अभ्यास करायचा होता. मूत्रपिंडांनी काम सोडलं की माणसाचं रक्त यंत्रातून धुऊन काढावं लागतं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. त्यासाठी बेटावरची माणसं शहरात जात होती. ती सोय बेटावरच करायची, तर मंडळाची अट एकच होती: किमान सहा रुग्ण हवेत. सहाच्या खाली यंत्रं, शुद्ध पाण्याची टाकी आणि शिकलेली माणसं ठेवता येत नाहीत. आकडेमोड करायला राजधानीतून सुन्निवा नावाची सल्लागार मिळणार होती. बेटाची बाजू योरुननं सांभाळायची. जूनमध्ये निर्णय.

"सहा आहेत ना?" संचालकांनी विचारलं.

"आहेत," योरुन म्हणाली. "सकाळपर्यंत तरी होते."

त्या सहांतला सगळ्यांत जुना म्हणजे आयलर्ट. योरुनचा शेजारी, वय शहात्तर. अडतीस वर्षं तो याच बोटीवर खलाशी होता; दोर बांधायचा, गाड्या लावून घ्यायचा, उतारूंवर ओरडायचा. निवृत्तीनंतर चार वर्षांनी मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याच बोटीवर तो उतारू म्हणून चढतो आणि त्याच्यावर दुसराच कुणीतरी ओरडतो. पहाटे पाच चाळीसची बोट, दीड तास. मग रुग्णांची छोटी बस, दोन तास. मग यंत्रावर चार तास. मग बाकीच्यांची यंत्रं सुटेपर्यंत व्हरांड्यात बसायचं, मग बस, मग बोट. संध्याकाळी सातला घर. मंगळवारी झोपायचं, गुरुवारी झोपायचं. रविवारी थोडं माणसासारखं वाटायचं, तोवर सोमवार.

दिवसाला पाणी, सूप, कॉफी सगळं मिळून अर्धा लिटर, वर थेंब नाही. खारवलेली मासळी बंद. उकडलेला बटाटासुद्धा मोजून. त्यामुळे आयलर्ट कॉफी प्यायचा ती उकडलेलं अंडं ठेवायच्या इवल्याशा कपातून. चार कप म्हणजे मोठ्या मगाचा तळ. पाहुण्याच्या हातात मग आणि त्याच्या हातात तो अंड्याचा कप. दोघं सारख्याच गंभीरपणे फुंकर घालून प्यायचे.

एप्रिलच्या सुरुवातीला सहाही रुग्णांचे अभिप्रायाचे फॉर्म भरून आले. योरुननं ते वाचले आणि तडक आयलर्टच्या स्वयंपाकघरात गेली.

"आयलर्ट, हे काय लिहिलंयस?"

"चार."

"दिसतंय मला. एक म्हणजे असह्य आणि पाच म्हणजे उत्तम. तुला प्रवास चार वाटतो?"

"मग काय बोटीला नावं ठेवू? अडतीस वर्षं तिच्यावर जेवलोय."

"बोटीचं नाही विचारलं. तुझं विचारलंय."

"तसं काही वाईट नाही."

हेच त्यानं फॉर्मवर खाली, 'अधिक सांगायचे असल्यास' या रकान्यात लिहिलं होतं. सहाही जणांनी तेच लिहिलं होतं. स्कारवोयवर हे वाक्य लग्नात म्हणतात, मयताला म्हणतात आणि दाढ उपटून झाल्यावरही म्हणतात. ब्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत आयलर्टची स्वतःची होडी उलटली होती. पालथ्या होडीच्या पाठीवर तो तीन तास बसून होता; बरोबरचा माणूस दुसऱ्या तासाला गेला. सोडवायला आलेल्यांनी त्याला वर ओढलं आणि विचारलं, काय रे, कसं होतं? आयलर्ट म्हणाला, "जरा दमट." त्या हिशेबानं बोटीच्या प्रवासाला चार म्हणजे त्यानं हात आखडूनच दिले होते.

"गेल्या बुधवारी बसमध्ये ओकलास," योरुन म्हणाली. "ड्रायव्हरनं सांगितलं मला."

"भोचक आहे मेला. त्याची आई तशीच होती. एकदाच ओकलो, आणि तेही पिशवीत."

"मार्चमध्ये दोन खेपा चुकल्या तुझ्या."

"मी नाही चुकवल्या. वाऱ्यानं चुकवल्या. त्याला दे एक फॉर्म भरायला."

"थट्टा नको करू. त्या खेपेला तुझ्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. मी होते ना इथे, मीच ऐकलं ते. आयलर्ट, या कागदावर सगळं ठरणार आहे. तू एक लिही."

"एक म्हणजे काय म्हणालीस?"

"असह्य."

आयलर्टनं अंड्याचा कप खाली ठेवला आणि खरोखरच विचार केला. कुठल्याही कागदावर खोटं लिहायचं नाही, बोटीच्या नोंदवहीत तर नाहीच, अशी त्याची सवय.

"असह्य म्हणजे माणूस जाणारच नाही," तो म्हणाला. "मी तर जातोच आहे. मग असह्य कसं लिहू?"

"निदान दोन?"

"दोन लिहिलं तर लोक म्हणतील, आयलर्ट कुरकुरायला लागला. बस बस, पोरी. कॉफी घे. पूर्ण मग भर, माझ्यासमोर लाजू नकोस."

योरुननं पूर्ण मग भरला, पण तिला तो जाईना.

त्याच महिन्यात सहाचे पाच झाले. अल्वहिल्ड नावाच्या बाई होत्या, शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांनी प्रवासाला कंटाळून घर बंद केलं आणि शहरात लेकीच्या शेजारी खोली घेतली. फॉर्मवर त्यांनीही चारच दिले होते. सुन्निवा पडद्यावर आली. तिशीच्या आतबाहेरची, नीटस, मनानं चांगली मुलगी.

"म्हणजे बेटावरची गरज घटतेय का?" तिनं विचारलं.

"गरज नाही घटली. अल्वहिल्ड घटली."

"तक्त्यात ते दोन्ही एकाच रकान्यात जातं," सुन्निवा म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. "पाच झाले तर प्रस्ताव सभेपुढे जाणारच नाही, योरुन. तिथेच मिटेल."

पुढचे तीन आठवडे योरुन बेटावरच्या माणसांकडे वेगळ्याच नजरेनं पाहू लागली. दुकानात कुणाचे घोटे सुजलेले दिसले की तिचं लक्ष जायचं. कुणी म्हणालं, हल्ली थकवा फार, तर ती म्हणायची, "हो का?" आणि तिच्या आवाजात नको तेवढी आस्था असायची. चौतीस वर्षं माणसं बरी व्हावीत म्हणून नोकरी केलेली बाई. आता तिला एक, फक्त एकच, आजारी माणूस हवा होता.

तो मेमध्ये मिळाला. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा कोलबेन. साखरेचा जुना रोगी, बावन्न वर्षांचा. त्याच्या रक्ताचा अहवाल योरुननं प्रयोगशाळेत उभ्या उभ्या वाचला. आकडे इतके वाईट होते की शंकेला जागाच नव्हती. "शाब्बास, कोलबेन!" तिच्या तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्यानं. मूठसुद्धा वळली होती. मग ती स्टुलावर बसली आणि वळलेल्या मुठीकडे पाहत राहिली. ती उघडायला जरा वेळ लागला.

बातमी दुपारपर्यंत बेटभर झाली. दुकानात लोक कोलबेनशी हात मिळवू लागले.

"सहावा तू ना?"

"असं म्हणतात खरं."

"बरं झालं हो. म्हणजे, बरं नाही, पण..."

"कळलं कळलं," कोलबेन म्हणायचा. त्या रविवारी त्यानं भजन इतकं संथ वाजवलं की म्हाताऱ्यांना मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला.

इस्पितळातली तीन नंबरची खोली रिकामी करण्यात आली. शहरातून एक तंत्रज्ञ आला, त्यानं मोजमाप घेतलं आणि भिंतीवर पेन्सिलीनं लिहून गेला: 'यंत्र १', 'यंत्र २', 'यंत्र ३', आणि खाली बाण काढून 'पाणी'.

सभा जूनच्या दुसऱ्या गुरुवारी. आदल्या दिवशी सुन्निवा आली. तिनं योरुनला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"सहाही अभिप्राय वाचले मी. कोलबेनचा तर प्रवास सुरू होऊन दोनच आठवडे झाले आणि त्यानंही तेच वाक्य लिहिलंय. ठरवून लिहिलं का सगळ्यांनी?"

"नाही ग. इथे तसंच म्हणतात."

"म्हणजे नेमकं काय म्हणतात?"

योरुननं सांगायचा प्रयत्न केला. म्हणाली, ते कोण म्हणतंय आणि म्हणताना कुठे बघतंय त्यावर असतं. जमिनीकडे बघून म्हटलं तर गंभीर समजायचं. खिडकीबाहेर बघून म्हटलं तर पाद्र्याला बोलवायचं.

सुन्निवानं वही उघडली आणि तशीच मिटली. "नजर तक्त्यात टाकता येत नाही मला. माझ्या तक्त्यात प्रवास चांगला निघतोय, त्र्याऐंशी टक्के. पण उद्या संचालक तुला विचारणार आहेत, मी सांगून ठेवलंय त्यांना. तुझ्या तोंडून जे येईल ते इतिवृत्तात जाईल आणि ते माझ्या तक्त्यापेक्षा जड पडेल. फक्त स्पष्ट बोल. एकच वाक्य, पण स्पष्ट."

योरुननं घरी जाऊन ते वाक्य तयार केलं: 'ही माणसं या प्रवासानं मरताहेत.' फ्रिजसमोर उभं राहून तिनं ते म्हणून पाहिलं. पहिल्यांदा 'मरताहेत'पाशी खोकला आला. दुसऱ्यांदा आवाज इतका खाली गेला की फ्रिजच्या घरघरीत ऐकू येईना. तिसऱ्यांदा जमलं. मग तिला आपल्याच स्वयंपाकघरात चोरी केल्यासारखं वाटलं आणि ती पडदे ओढायला गेली.

गुरुवार उजाडला तो असा की दृष्ट लागावी. ऊन, आरशासारखा समुद्र, वाऱ्याची झुळूकही नाही. मंडळाचे सातही सदस्य बोटीनं आले. बोटीच्या गच्चीवर त्यांनी सँडविच खाल्ली, त्यांना एक देवमासाही दिसला. संचालक उतरले तेव्हा त्यांचं नाक उन्हानं लाल झालं होतं आणि डोळे भरून आले होते.

"हा प्रवास तर डॉक्टरांनी लिहून द्यायला पाहिजे!" ते धक्क्यावरच म्हणाले.

सभा इस्पितळाच्या जेवणघरात भरली. वॉफल होती, वर तपकिरी चीज आणि स्ट्रॉबेरीचा मुरंबा. मागच्या रांगांत बेटावरची साठेक माणसं बसली होती. त्यांत आयलर्ट इस्त्रीचा शर्ट घालून. गुरुवार हा त्याचा झोपायचा दिवस, पण तो आला होता. उजव्या बाहीखाली सुयांच्या जागेवर दोरखंडासारखी फुगलेली शीर होती, ती झाकायला त्यानं मनगटापर्यंत बटणं लावली होती.

सुन्निवानं तक्ते दाखवले. सहा रुग्ण: अट पूर्ण. खोली: आहे. कर्मचारी: शिकवता येतील. प्रवासाबद्दल समाधान: त्र्याऐंशी टक्के. एका सदस्यानं कौतुकानं मान हलवली. शहरातल्या ट्रामबद्दलसुद्धा लोक इतके खूश नव्हते.

"आता आकडे बाजूला ठेवू," संचालक म्हणाले. "आकडे म्हणजे माणसं नव्हेत. योरुन, तू इथली आहेस. ही माणसं तू रोज बघतेस. एका वाक्यात सांग. परिस्थिती किती वाईट आहे?"

योरुन उभी राहिली. वॉफलचं यंत्र तेवढं वाफ सोडत होतं.

"ही माणसं..." तिनं सुरुवात केली.

आणि तिची नजर मागच्या रांगेत गेली. आयलर्टचे कान लाल झाले होते. तो तिच्याकडे बघत नव्हता. बुटांकडे बघत होता आणि त्याचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला होता. भर सभेत आता आपले कपडे उतरवले जाणार, हे कळलेल्या माणसासारखा. त्याच्या शेजारी कोलबेन. त्याच्या पलीकडे दुकानदार, पाद्री, योरुनची स्वतःची बहीण. साठ माणसं श्वास रोखून बसली होती. सांगून टाक, असं त्यांच्यापैकी कुणीच म्हणत नव्हतं. त्यांना तिची काळजी वाटत होती.

"ही माणसं..." योरुन म्हणाली, "तशी निभावून नेताहेत." मग सगळं बळ एकवटून तिनं पुढे जोडलं, "थोडा त्रास होतो. वारा असला की."

आणि ती खाली बसली.

मागच्या रांगांतून कौतुकाचा एक सुस्कारा आला. बेटाच्या कानांना ती जवळजवळ किंचाळलीच होती. 'त्रास होतो' हे शब्द स्कारवोयच्या जाहीर सभेत कित्येक वर्षांत कुणी उच्चारले नव्हते. पाद्र्यानं तर डोळेच मिटून घेतले. पण पुढच्या रांगेतल्या सात जणांचे कान बेटाचे नव्हते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर वारा नव्हता.

सुन्निवानं एकदाच योरुनकडे पाहिलं. मग लिहून घेतलं.

निर्णय वॉफलनंतर झाला. सध्या गरज नाही. दोन वर्षांनी पुन्हा अभ्यास करावा. इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'स्थानिक प्रतिनिधींच्या मते रुग्ण परिस्थिती निभावून नेत आहेत.' संचालकांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि परतीच्या बोटीसाठी टोप्या मागवल्या.

आयलर्ट योरुनपाशी आला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, जे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं.

"छान बोललीस," तो म्हणाला. "जरा जास्तच झालं. पण छान."

योरुननं त्या आठवड्यात मंडळाला पत्र लिहायला घेतलं. पहिल्या खर्ड्यात होतं, 'माझं चुकलं, ही माणसं मरताहेत.' दुसऱ्यात 'मरतील'. चौथ्यात 'त्यांच्या जिवाला धोका संभवतो'. पाचव्यात 'जीव' गेला आणि 'प्रकृती' आली. प्रत्येक खर्डा ती सकाळी वाचायची, लाजायची आणि दुरुस्त करायची. सातवा खर्डा पोस्टात पडला. त्यात लिहिलं होतं, 'हिवाळ्यात रुग्णांची काहीशी गैरसोय होऊ शकते, याची कृपया नोंद घ्यावी.' मंडळानं नोंद घेतल्याचं दोन ओळींचं उत्तर आलं.

उन्हाळा तसा बरा गेला. ऑक्टोबरात मात्र पाच दिवस सलग वादळ होतं. सोमवारी आयलर्ट यंत्रावरून सुटून पलीकडच्या धक्क्यावर आला तोवर बोटी बंद झाल्या होत्या. रुग्णांसाठी हॉटेलात खोल्या होत्या, पण त्या कुणीतरी मागाव्या लागतात. आयलर्टनं मागितली नाही. तो धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात लाकडी बाकावर राहिला. बुधवारी तिथूनच यंत्रावर गेला, पुन्हा बाकावर आला, शुक्रवारी पुन्हा गेला. शनिवारी बोट सुटली. खलाशांनी त्याला ओळखलं आणि उतरताना दोन्ही बाजूंनी धरलं. ते त्याला अजिबात आवडलं नाही.

रविवारी दुपारी तो योरुनच्या कचेरीत आला. टोपी हातात.

"उद्या मी जात नाही."

"उद्याचं हवामान चांगलं आहे, आयलर्ट."

"हवामानाचं नाही ग."

"बरं. मग बुधवारी जा."

"बुधवारीही नाही."

असं म्हणताना तो खिडकीबाहेर बघत होता. योरुननं हातातलं पेन खाली ठेवलं. ते घरंगळून टेबलाखाली गेलं, तरी दोघांपैकी कुणी उचललं नाही.

"डॉक्टरांशी बोललास?"

"बोललो. समजूतदार आहे पोरगा. म्हणाला, आठ-दहा दिवस. शेवटी झोपच येते म्हणाला."

"आपण हॉटेलची खोली लावून घेऊ. मी स्वतः फोन करते. नाहीतर शहरातच—"

"अल्वहिल्डला भेटलो परवा शहरात," आयलर्ट म्हणाला. "तिच्या खिडकीतून पार्किंग दिसतं. योरुन, तू आता सुरू नको होऊ. एक खाट असेल तर बघ. धक्का दिसेल अशी मिळाली तर बरं, नाहीतर कुठलीही चालेल."

धक्का दिसेल अशी एकच खोली रिकामी होती. तीन नंबरची. भिंतीवरचं पेन्सिलीचं लिखाण कुणी पुसलं नव्हतं. निर्णय झाल्यावर ते पुसायचं काम कुणाचं, हे इतिवृत्तात आलं नव्हतं. आयलर्टची खाट 'यंत्र २'च्या खाली लागली.

आता त्याला काही वर्ज्य नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं खारवलेली मासळी, बटाटे आणि वर डुकराच्या चरबीची फोडणी खाल्ली. बशी पुसून. कॉफी मोठ्या मगातून प्यायला, एक संपल्यावर दुसरा. "साडेपाच वर्षं झाली," तो म्हणाला, "मगाला कान असतो हेच विसरलो होतो." तिसऱ्या दिवशी निम्मंच खाल्लं. पाचव्या दिवशी नुसता वास घेतला. अंगाला खाज सुटायची. योरुन मलम लावायची. सकाळ-संध्याकाळ बोट धक्क्याला लागली की तो डोळे न उघडता सांगायचा, "दोन मिनिटं उशीर," आणि ते बरोबर असायचं.

आठव्या दिवशी मंडळाचं पत्र आलं. बेटावरची रुग्णसंख्या येत्या काही दिवसांत पाचवर येत असल्याचं कळलं. त्यामुळे जूनचा निर्णय योग्य होता असं दिसतं. अभ्यासाच्या उच्च दर्जाबद्दल योरुनचे आभार. खाली संचालकांची सही होती. योरुननं पत्राची चौकोनी घडी केली आणि ते हातात घेऊनच तीन नंबरच्या खोलीत गेली. बाहेर उजेड होता, चारची बोट धक्क्याला लागत होती.

"मंडळाचं का?" आयलर्टनं विचारलं. आवाज खोल गेला होता.

"हो."

"काय म्हणतात?"

"तसं... काही नाही."

"हं."

त्यानं डोळे मिटले. योरुनला वाटलं झोप लागली. ती खाटेशेजारच्या खुर्चीत बसली आणि तिला एकदम सगळं सांगून टाकावंसं वाटलं: फ्रिजसमोरचं वाक्य, मूठ, सात खर्डे.

"आयलर्ट," ती म्हणाली, "त्या दिवशी सभेत मी—"

"योरुन, तो फॉर्म अजून आहे का ग तुझ्याकडे? माझा?"

"आहे. फाइलीत आहे."

"दुरुस्ती करता येते त्यात?"

योरुन खुर्चीत पुढे सरकली. "येते. का नाही येणार? तूच म्हणाला होतास, असह्य म्हणजे माणूस जाणारच नाही. आता तू जात नाहीयेस, आयलर्ट. एक कर म्हण, आत्ता करते. तुझ्यासमोर करते. उद्या मंडळाला पाठवते."

आयलर्टनं डोळे उघडले. भिंतीवरच्या 'यंत्र २'कडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं, आणि शेवटी खिडकीबाहेर.

"तो धक्क्यावरचा बाक," तो म्हणाला, "जरा कडक होता. चारच्या जागी तीन कर. फार त्रास होणार नसेल तर."